टेक्ट्रॉनिक्स ४६५ सीआरओ : पंखा फिरतो, ट्रेस (स्क्रीनवरची रेघ) येत नाही. पॉवर सप्लाय कुठून तपासायला घ्यावा?

इचलकरंजीकर

नमस्कार मंडळी. मी लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. आजवर २० मेगाहर्ट्झच्या सीआरओवर (सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) काम भागत होतं. आता एका बंद झालेल्या प्रयोगशाळेच्या सामानात टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ मिळाला आहे. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ, १९७० च्या दशकातला. बाहेरून एकदम चांगला, एकही नॉब तुटलेला नाही.

चालू केल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काही नाही. बीम फाइंडर (स्क्रीनबाहेर गेलेली रेघ आत आणणारं बटन) दाबला तरी ठिपका नाही. वास नाही, धूर नाही. सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं आहे, सर्किट समजतं. पण एवढ्या महागामोलाच्या सेटमध्ये घाईने हात घालायचा नाही. जुन्या टेस्ट इक्विपमेंटचा सप्लाय तुम्ही कोणत्या क्रमाने तपासता ते सविस्तर सांगाल का? माझ्याकडे चांगला मल्टिमीटर, ० ते ३० व्होल्टचा बेंच सप्लाय आणि जुना सीआरओ आहे.

मिलिव्होल्ट

अभिनंदन, सेट चांगला मिळाला आहे. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे इंदूरच्या सायंटिफिकचे एचएम २०३ भरपूर आहेत, आणि दुरुस्तीला आलेल्या दहातल्या निम्म्याहून अधिक सेटमध्ये रोग सप्लायमध्येच सापडतो. तेव्हा सुरुवात योग्य ठिकाणी करताय.

पुन्हा चालू करण्याआधी एवढं बघा. मागचा ११५/२३० चा सिलेक्टर २३० वर आहे का? शेजारीच रेग्युलेटिंग रेंजचा (मेन्स कमी येते की जास्त, त्यानुसार ठेवायचा) वेगळा सिलेक्टर असतो, तो कुठे आहे तेही टिपून ठेवा, पुढे त्याचा संबंध येईल. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा. आधीच्या कुणी जाड तार लावलेली असेल तर ती आत्ताच काढा. मग प्लगच्या अर्थ पिनपासून चासीच्या उघड्या धातूपर्यंत ओहम मोजा. ०.२-०.३ ओहमच्या वर गेलं तर आधी कॉर्ड बदला. सीआरओचं अर्थ तोडून वापरायची सवय आपल्याकडे फार आहे. ४६५ वर ते कधीही करू नका.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. सिरीज बोर्ड तुमच्याकडे असेलच. ४६५ चा सप्लाय ट्रान्सफॉर्मर आणि लिनियर रेग्युलेटरचा (व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या सर्किटचा) आहे, त्यामुळे ही युक्ती इथे चालते. बल्ब भपकन लागून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी मोठा शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

आणि एक. डिमरस्टॅट लावला म्हणजे सेट मेन्सपासून वेगळा झाला, असा समज मुलांमध्ये हमखास असतो. डिमरस्टॅट हा ऑटो-ट्रान्सफॉर्मर आहे. तो व्होल्टेज कमी करतो, आयसोलेशन देत नाही.

नवा_सोल्डर

माझं मत सरळ आहे. पन्नास वर्षांचे कपॅसिटर आहेत. सगळे इलेक्ट्रोलिटिक आणि सगळे टँटलम एका फटक्यात बदलून टाका. शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवे घाला, पुढची वीस वर्षं बघायला नको. पाच-सात हजारांत काम होईल.

जुनाखोड

नवा_सोल्डर, तुमचा उत्साह आवडला, पण या सल्ल्याने मी बरेच चांगले सेट मरताना पाहिले आहेत, म्हणून जरा लांबून सांगतो.

सगळे कंडेन्सर (तुम्ही म्हणता ते कपॅसिटर) एकदम बदलले की होतं असं : मूळ दोष तसाच राहतो, कारण तो कदाचित डायोडमध्ये किंवा एखाद्या ट्रान्झिस्टरमध्ये असतो. शिवाय शंभरेक नवे सांधे होतात, त्यात एक उलटा कंडेन्सर, दोन उचकटलेले पॅड आणि एखादी कथिलाची पूल झालेली जागा. आता सेटमध्ये एक जुना दोष आणि तीन नवे. सेट आधी कसा वागत होता याची नोंदही नाही. मग तो सेट कायमचा कपाटात जातो. टेक्ट्रॉनिक्सने त्या काळात वापरलेले मोठे फिल्टर कंडेन्सर उत्तम प्रतीचे होते. त्यातले कित्येक आजही मोजल्यावर पूर्ण क्षमतेचे निघतात.

सप्लाय तपासण्याचा पाया एकच : कोण कोणावर अवलंबून आहे ते आधी ओळखा. बहुतेक जुन्या टेस्ट इक्विपमेंटमध्ये सगळी व्होल्टेज स्वतंत्र नसतात. एक असतं मुख्य, रेफरन्सचं. बाकीची त्याच्याकडे बघून स्वतःला जुळवून घेतात. मी उमेदीत टेक्ट्रॉनिक्सचेच व्हॉल्व्हचे ५४५ सीआरओ दुरुस्त करत असे. त्यात −१५० व्होल्ट हे मुख्य, ५६५१ नावाच्या रेफरन्स व्हॉल्व्हवर उभं. त्याच्यावर +१००, +२२५, +३५० आणि +५००. +२२५ चुकलं म्हणून लोक त्याचे व्हॉल्व्ह बदलत बसायचे, आणि दोष −१५० मध्ये असायचा. मुख्य व्होल्टेज दोन टक्के हललं की सगळी प्रजा हलते.

४६५ मध्ये हा मान +५५ व्होल्टचा. बाकी +११०, +१५, +५ आणि −८. म्हणून मोजायला सुरुवात +५५ पासून करा. ते चुकीचं असेल तर इतरांचे आकडे लिहून ठेवा, पण त्यांच्यामागे लागू नका. +५५ बरोबर असेल तर ज्याचा आकडा चुकला त्याच्याकडे वळा.

दुसरं, रेग्युलेटरच्या नंतर मोजलंत तसं आधीही मोजा, म्हणजे ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) मोठ्या कंडेन्सरवर. कच्चं डीसी आहे आणि पक्कं नाही, तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा पुढच्या लोडमध्ये. कच्चंच नाही, तर मागे ब्रिजकडे आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकाकडे जा.

तिसरं, कच्च्या डीसीवरचा रिपल, म्हणजे त्यावर उरलेली लाट, जुन्या सीआरओवर बघा. आपली मेन्स ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह ब्रिज ठीक असेल तर रिपल १०० हर्ट्झचा, म्हणजे दात १० मिलिसेकंदांवर. दात २० मिलिसेकंदांवर दिसले तर ब्रिजचा एखादा डायोड उघडा आहे किंवा त्याचं सोल्डर सुटलं आहे. अशा वेळी कंडेन्सर कितीही बदला, उपयोग नाही. या एका निरीक्षणाने माझी कितीतरी कामं अर्ध्या तासात संपली आहेत.

रिपल किती असावा याचाही अंदाज करता येतो. करंट गुणिले वेळ भागिले कपॅसिटन्स. १ अँपिअर लोड, दोन शिखरांमधला वेळ धरा ८ मिलिसेकंद, कंडेन्सर ३००० मायक्रोफॅरड, तर साधारण २.७ व्होल्ट. तुम्हाला सहा-सात दिसले तर कंडेन्सर सुकला. तेव्हा तोच बदला, बिनधास्त.

आणि हात जपा. सीआरटीच्या (स्क्रीनच्या काचेच्या नळीच्या) कॅथोडला या सेटमध्ये −२४५० व्होल्ट असतात, पुढच्या अॅनोडला त्याहून कितीतरी जास्त. तो भाग कव्हरखाली आहे, कव्हर काढू नका. साध्या मल्टिमीटरने ते मोजायला तर मुळीच जाऊ नका, त्याला वेगळा हाय व्होल्टेज प्रोब लागतो.

इचलकरंजीकर

काका, खूप आभार. एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मिलिव्होल्ट ताई, सिलेक्टर २३० वरच आहे, फ्यूज बरोबर आकड्याचा आहे, अर्थ ०.१ ओहम.

सिरीज बल्ब लावून चालू केला. बल्ब भपकला आणि मंद झाला, पण मला वाटलं त्यापेक्षा जरा जास्त उजेड राहिला. मग थेट मेन्सवर घेऊन टेस्ट पॉइंटवर मोजलं. +५५ ला ५५.२. +११० ला १०९ च्या आसपास. +१५ ला मात्र ०.४ व्होल्ट! तिथेच थांबलो, बंद केला, बाकीची दोन मोजली नाहीत.

+१५ चं कच्चं डीसी आहे. सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करून, +१५ च्या टेस्ट पॉइंटपासून ग्राउंडपर्यंत ओहम बघितला : १.३. हा शॉर्टच ना?

मिलिव्होल्ट

शॉर्टच. या सप्लायचा लोड जास्त असल्यामुळे चांगल्या सेटमध्येही इथे किलोओहम वगैरे दिसत नाहीत, त्यामुळे थोडा कमी आकडा बघून घाबरायचं नसतं. पण १.३ म्हणजे काहीतरी आडवं पडलेलं आहे. रेग्युलेटरने करंट मर्यादेत ठेवला म्हणून धूर झाला नाही.

संशयित क्रमांक एक : टँटलम. थेंबासारखे, रंगीत, प्रत्येक बोर्डावर सप्लाय जिथे शिरतो तिथे बसवलेले. अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोलिटिक म्हातारा झाला की हळूहळू क्षमता गमावतो. टँटलम मात्र एका क्षणात शॉर्ट होतो, आदल्या दिवसापर्यंत काहीही लक्षण न दाखवता. त्या काळी १५ व्होल्टच्या लाइनवर २० व्होल्टचे टँटलम सर्रास लावायचे. आज आपण तिथे ३५ चा लावतो.

आता शोधायचा कसा. एकेक काढून बघत बसू नका, त्यात पॅड जातात. बेंच सप्लाय घ्या, व्होल्टेज १ व्होल्टवर, करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर. ४६५ मेन्सपासून पूर्ण वेगळा, प्लग काढून टेबलावर. बेंच सप्लायचा धन +१५ च्या टेस्ट पॉइंटवर, ऋण चासीवर. १ व्होल्टला कुठलाही सिलिकॉनचा भाग इजा होण्याइतका चालू होत नाही, आणि शॉर्टमधून अर्धा अँपिअर वाहतो.

मग मल्टिमीटर मिलिव्होल्ट रेंजवर. काळी पिन चासीवर एकाच जागी रोवून ठेवा, लाल पिन +१५ च्या ट्रॅकवरून पुढे पुढे न्या. करंट ज्या वाटेने जातो त्या वाटेवर आकडा हळूहळू उतरत जातो. ज्या फाट्याला करंट नाही तिथे आकडा जिथल्या तिथे राहतो, तो फाटा सोडून द्या. उतरत उतरत जिथे सगळ्यात कमी मिलिव्होल्ट दिसतील, तिथे उभा असलेला भाग बघा. वाटेत छोटं कॉइल किंवा दोन-चार ओहमचा रेझिस्टर लागला आणि त्याच्या दोन टोकांत मोठा फरक दिसला, तर समजा की शॉर्ट त्याच्या पलीकडे आहे.

तांब्याच्या पट्टीवर अर्ध्या अँपिअरला फरक एक-दोन मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून पिन घट्ट टेकवा आणि टोक स्वच्छ ठेवा. घाईत हात हलला की वाट चुकते.

बोर्ड कनेक्टरने जोडलेला असेल तर आधी तो काढून ओहम बघणं याहून सोपं. पण ४६५ मध्ये बऱ्याच जोडण्या सोल्डरच्या आहेत, म्हणून मिलिव्होल्टची वाट सांगितली.

वरणफळं

वाचतोय. मला यातलं फारसं कळत नाही, पण करंटची वाट मोजत चोर पकडायची ही पद्धत फार आवडली. पुढे काय झालं ते नक्की लिहा.

नवा_सोल्डर

काका, तुमचं म्हणणं पटलं, विशेषतः २० मिलिसेकंदांचं. पण एक मुद्दा सोडत नाही. काही भाग न मोजता बदलायलाच हवेत. माझ्याकडे २४६५ आहे, १९८० च्या दशकातला टेक्ट्रॉनिक्स, एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा). व्यवस्थित चालत होता. एका संध्याकाळी फट्ट आवाज झाला आणि खोलीभर असा उग्र, चिकट धूर की खिडक्या उघडून बाहेर जावं लागलं. मेन्स फिल्टरमधला रिफा कंपनीचा पारदर्शक पिवळसर कपॅसिटर फुटला होता. गंमत म्हणजे सेट तरीही चालू होता. आदल्या दिवशी मी तो कपॅसिटर मोजला असता तर आकडा बरोबरच आला असता. मग मोजून काय मिळालं असतं?

जुनाखोड

इथे तुमचं शंभर टक्के बरोबर. रिफाचे ते मेटलाइज्ड पेपरचे कंडेन्सर हा अपवाद, आणि मी तो आधीच लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. त्यांचं राळेचं आवरण कालांतराने तडकतं. भिंगातून बघा, कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसतील. तडीतून दमट हवा आत जाते, कागद ओल धरतो, फुगतो आणि मेन्सचं व्होल्टेज सोसत नाही. कोकण-मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट पावसाळ्यात पहिल्यांदा लावला की फुटण्याची शक्यता जास्त. असा कंडेन्सर दिसला की तडक काढा, चांगला वाटला तरी.

त्याच्या जागी काय घालायचं हे मात्र नीट बघा. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असेल तर एक्स-२ दर्जाचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन, २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसीचा. फेज किंवा न्यूट्रलपासून अर्थकडे गेलेला असेल तर वाय-२ दर्जाचाच. तिथे साधा ६३० व्होल्टचा डिस्क लावून भागवायचं नाही. तो शॉर्ट झाला तर पूर्ण चासी फेजला येते आणि अर्थ नसलेल्या घरात माणूस जातो.

एसएमपीएसबद्दल आणखी थोडं, कारण इथे ४६५ चे नियम चालत नाहीत. डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवणं लिनियर सेटला ठीक. एसएमपीएसला व्होल्टेज कमी दिलं की तो तेवढीच पॉवर खेचायला करंट वाढवतो, आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर तापतो. सिरीज बल्बवर तो चालू-बंद, चालू-बंद करत बसतो, त्यावरून काही निदान होत नाही. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर २३० च्या मेन्सला सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं, आमच्याकडे रात्री मेन्स २५० च्या वर जाते तेव्हा साडेतीनशेच्याही पुढे. प्लग काढल्यावरही ते टिकतं. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड तारा जोडून त्याने रिकामा करा, मग मीटर लावून खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. पहिल्या, म्हणजे मेन्सच्या बाजूला सीआरओ लावून बघायचंच असेल तर दुरुस्तीचा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर ठेवा.

बऱ्याच एसएमपीएसमध्ये सिलेक्टर ११५ वर ठेवला की तोच रेक्टिफायर डब्लर, म्हणजे व्होल्टेज दुप्पट करणारा, होतो. म्हणजे ११५ वर ठेवून आपली २३० दिली तर साडेसहाशे व्होल्ट. अमेरिकेतून आलेल्या सेटच्या बाबतीत हे डोळ्यात तेल घालून बघा.

इचलकरंजीकर

सापडला! मिलिव्होल्ट ताई, तुम्ही सांगितलं अगदी तसंच केलं. टेस्ट पॉइंटवर ६४० मिलिव्होल्ट, मग ट्रॅकवरून व्हर्टिकल प्रीअँपच्या दिशेने उतरत गेलं. एका छोट्या कॉइलच्या पलीकडे एकदम खाली, आणि तिथे हिरवट थेंबासारखा टँटलम. त्याच्या दोन पायांत सगळ्यात कमी आकडा. बोटाला कोमटही लागत होता. एक पाय उचलला आणि +१५ चा ओहम लगेच वर गेला. काढलेला कपॅसिटर मोजला तर ०.६ ओहम. वरून एक टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, बाकी नव्यासारखा.

३५ व्होल्टचा नवा लावला. सिरीज बल्बवर आता उजेड स्पष्टपणे कमी. मेन्सवर घेतल्यावर +१५ ला १५.०२, +५ ला ५.०१, −८ ला −७.९९. आणि ट्रेस आला! दोन्ही चॅनेलचा. हिरवी रेघ इतकी बारीक आहे की माझ्या जुन्या सीआरओशी तुलनाच नाही.

एक गोष्ट राहिली. दुपारी सगळं ठीक होतं. संध्याकाळी लूम पूर्ण भरात असतात तेव्हा आमच्याकडे मेन्स २०० च्या आसपास येते. तेव्हा ट्रेस किंचित जाड होतो, आणि स्वीप २ मिलिसेकंदांवर ठेवला की बारीक लाट दिसते. रिपल वाटतो. कोणत्या सप्लायचा ते कसं ओळखू?

मिलिव्होल्ट

अरे वा! मनापासून आनंद झाला.

लाट दर १० मिलिसेकंदांनी येते का बघा, ट्रिगर लाइनवर ठेवा म्हणजे ती स्थिर उभी राहील. मग पाचही पक्क्या व्होल्टेजवर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून फिरा. निरोगी सप्लायवर मिलिव्होल्टच्या घरातच काहीतरी दिसतं. ज्याच्यावर दहा-वीस किंवा जास्त दिसेल तो तुमचा. एक खबरदारी : काही स्वस्त मल्टिमीटर एसी रेंजवर डीसी अडवत नाहीत आणि भलताच आकडा दाखवतात. शंका असेल तर लाल पिनेला ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा.

नंतर त्याच सप्लायच्या कच्च्या डीसीवर जा. रेग्युलेटरला काम करायला वर दोन-तीन व्होल्टची जागा लागते. रिपलची दरी त्या पातळीच्या खाली गेली की तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हात टेकतो, आणि नेमकी तीच दरी बाहेर येते. मेन्स कमी झाली की दरी खाली सरकते. म्हणून दुपारी नाही आणि संध्याकाळी दिसतं.

आणि आता तो रेग्युलेटिंग रेंजचा सिलेक्टर. तो वरच्या रेंजवर आहे का?

इचलकरंजीकर

हो ताई, वरच्या रेंजवर आहे.

मोजलं. +५ आणि −८ स्वच्छ. +१५ वर संध्याकाळी ४० मिलिव्होल्ट एसी. त्याच्या कच्च्या डीसीवर १.१ व्होल्ट एसी, सीआरओवर शिखर ते दरी जवळपास ३.८ व्होल्ट, दात १० मिलिसेकंदांवर. म्हणजे काकांच्या नियमाने ब्रिज ठीक, कंडेन्सर थकला.

जुनाखोड

बरोबर वाचलंत. १.१ आणि ३.८ हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतातही. करवतीच्या आकाराच्या लाटेच्या आरएमएसला (मीटरच्या एसी आकड्याला) साडेतीनने गुणलं की शिखर ते दरी मिळते.

खात्रीसाठी नवा कंडेन्सर जुन्याला तात्पुरता समांतर जोडून बघा. सेट बंद, प्लग काढलेला, ध्रुव तपासलेले, मग जोडा आणि चालू करा. रिपल निम्म्यावर आला आणि पक्क्या बाजूची लाट गेली तर जुना काढा. समांतर तसाच ठेवून झाकण लावायचं नाही. थकलेला कंडेन्सर गळती वाढवत जातो आणि पुढे तापतो.

सिलेक्टरबद्दल : तुमच्याकडे मेन्स दिवसभरात किती खाली आणि किती वर जाते ते आठवडाभर लिहून काढा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघा. खालच्या रेंजवर ठेवून रात्री २५० आली तर सिरीज ट्रान्झिस्टर उगाच जास्त तापतील. मेन्स इतकी हलत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावणं उत्तम.

बीव्हर्टनकर

उशिरा आलो, पण राहवलं नाही. मूळचा साताऱ्याचा, आता ओरेगॉनमध्ये बीव्हर्टनजवळ राहतो. हा ४६५ ज्या गावात बनला तेच हे गाव. इथे जुने टेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे बरेच भेटतात, त्यांच्याकडून शिकलेलं सांगतो.

मोठा फिल्टर कंडेन्सर काढण्याआधी हे वाचा. त्या डब्याला एकापेक्षा जास्त ग्राउंडचे पाय आहेत. ते फक्त आधारासाठी नाहीत. बोर्डावरचे वेगवेगळे ग्राउंडचे तुकडे त्या डब्याच्या धातूमधून एकमेकांना जोडलेले असतात. आजचा दोन पायांचा स्नॅप-इन कंडेन्सर लावला आणि बाकीची भोकं मोकळी सोडली, तर काही भागांचं ग्राउंडच तुटतं. मग सेटमध्ये नवीनच विचित्र लक्षणं येतात आणि माणूस आठवडाभर रेग्युलेटरमध्ये शोधत राहतो. जुना काढल्यावर मल्टिमीटरने ती भोकं एकमेकांना जोडलेली आहेत का बघा. नसतील तर जाड तांब्याच्या तारेचं कडं करून सगळी एकत्र सोल्डर करा, मग नवा कंडेन्सर बसवा. त्यासाठी छोटे अॅडॅप्टर बोर्डही मिळतात.

काढताना बोर्ड जपा. जुना सांधा आधी थोडं नवीन कथील घालून ओला करा, मगच पंपाने ओढा. मोठ्या टोकाचं, जास्त वॉटचं सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ लावणं हे छोट्या आयर्नने मिनिटभर भाजत बसण्यापेक्षा सुरक्षित. पाय हलत नसेल तर ओढू नका.

सुटे भाग शोधताना १५१ ने सुरू होणारे टेक्ट्रॉनिक्सचे नंबर बघून हाय खाऊ नका. ते त्यांचे घरचे नंबर, आतला ट्रान्झिस्टर पुष्कळदा बाजारातलाच. १५१-०१९० म्हणजे २एन३९०४ आणि १५१-०१८८ म्हणजे २एन३९०६. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मूठभर मिळतील. क्रॉस-रेफरन्सची यादी नेटवर सहज सापडते. निवडून घेतलेले, जोडी लावलेले काही नंबर मात्र वेगळे असतात, तिथे असा बदल करू नका.

काकांनी ५४५ चा उल्लेख केला म्हणून त्यांच्यासारख्या व्हॉल्व्हवाल्यांना एक विनंती. त्या सेटमधल्या सिरॅमिकच्या पट्ट्यांवर साधं कथील वापरू नका. चांदीचा थर पट्टीवरून विरघळून निघतो आणि खाच कायमची जाते. तीन टक्के चांदी असलेलं सोल्डरच हवं. कंपनीने त्याचं छोटं रीळ सेटच्या आतच ठेवलेलं असायचं, अजूनही कित्येकांत सापडतं.

जुनाखोड

बीव्हर्टनकर, ते रीळ बघितलं की आजही बरं वाटतं. दुरुस्त करणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार करून ठेवलेली वस्तू. आणि चार-पाच पायांच्या डब्याचं फार मोलाचं सांगितलंत, माझ्या लिहिण्यात ते आलं नव्हतं.

नवा_सोल्डर

कपॅसिटर कुठून घ्यायचे याबद्दल माझा अनुभव. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, पण नावाजलेल्या जपानी ब्रँडच्या वेष्टणात भलताच माल येतो. वजनाला हलका लागतो, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजला की कळतं. फिल्टरसाठी मी अधिकृत वितरकाकडून ऑनलाइन घेतो, १०५ डिग्रीचे. मोठ्या डब्यांसाठी नाशिकच्या अल्कॉनचेही वापरले आहेत, चांगले आहेत. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल मात्र नको, डब्यावरचा तारखेचा कोड वाचून घ्या. आणि काका, यापुढे आधी मोजणार. रिफा सोडून.

इचलकरंजीकर

सगळ्यांना कळवतो. समांतर कंडेन्सर लावून बघितला, लाट गेली. मग जुना काढला. बीव्हर्टनकर दादा, तुमचा प्रतिसाद नेमका वेळेवर आला. ग्राउंडची दोन भोकं खरंच एकमेकांपासून सुटलेली होती. तांब्याचं कडं करून सगळी जोडली. कच्च्या डीसीवर आता ०.५ व्होल्ट एसी. संध्याकाळी २०० व्होल्टलाही +१५ वर रिपल दोन मिलिव्होल्टच्या खाली, ट्रेस बारीक. बाकीच्या कच्च्या डीसीचे रिपलही बघितले, ते ठीक आहेत म्हणून त्यांना हात लावला नाही.

सिरीज ट्रान्झिस्टरखालची ग्रीस खडूसारखी वाळली होती. अभ्रक काळजीने काढून नवी ग्रीस लावली, आणि चासीला शॉर्ट नाही याची खात्री केली.

एकच विचारायचं आहे. +५५ ला ५५.२ दिसतंय. ट्रिमर फिरवून बरोबर ५५.०० करू का?

जुनाखोड

नको. आधी मॅन्युअलमधली मर्यादा बघा. ५५.२ त्यात बसत असेल तर ट्रिमरला हात लावायचा नाही. या सेटचं व्हर्टिकल गेन, स्वीपचं टायमिंग, सगळं कॅलिब्रेशन ज्या दिवशी केलं त्या दिवशीच्या +५५ ला धरून केलेलं आहे. तुम्ही ०.२ व्होल्ट हलवलंत की बाकीची चारही हलतील आणि पूर्ण कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावं लागेल. शिवाय तुमचा मल्टिमीटर ०.५ टक्क्याचा असेल तर ५५.२ आणि ५५.० मधला फरक त्याच्याच चुकीत मावतो. मर्यादेबाहेर असेल तरच फिरवा, तेही दुसऱ्या भरवशाच्या मीटरवर आकडा ताडून.

मिलिव्होल्ट

काकांशी सहमत. तोवर एक करा : पाचही व्होल्टेज, त्यांचे रिपल, कच्च्या डीसीचे आकडे, त्या वेळची मेन्स आणि तारीख एका कागदावर लिहून कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेट तासभर तापल्यावरचे आकडे घ्या, थंड असतानाचे नको.

इचलकरंजीकर

५५.२ मर्यादेत बसतंय का ते मॅन्युअलमध्ये आत्ताच बघतो. ट्रिमर तसाच ठेवतो. सेट आत्ता तापत ठेवला आहे, तासाभराने आकडे घेऊन इथेही टाकतो, म्हणजे ४६५ वाल्या इतरांना ताडून बघायला होतील.